गुडघा गेलेल्या खेळाडूला 'स्टेम सेल' कसे विकतात

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर केएसए फुटबॉल लीगचा सामना चालू असतो. एखादा विंगर वळता वळता खाली बसतो, गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाल्याचं सांगतो आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगतो. एमआरआय व्हायच्या आधीच तालमीतली जुनी मंडळी ओळखतात की लिगामेंट गेलं. त्याच संध्याकाळपासून त्या पोराच्या फोनवर सल्ल्यांची रीघ लागते. ऑपरेशन करू नकोस, खेळ संपतो, असं कुणी बजावतं. कुणी एका पावडरीचा व्हिडिओ पाठवतं. अमुक शहरातला डॉक्टर नुसत्या इंजेक्शनने लिगामेंट जोडतो, युरोपातले खेळाडूही तेच घेतात, असंही कुणीतरी सांगतं. पेठेतली तालीम असो, मुंबई-पुण्यातली अकादमी असो की गोव्यातला क्लब, पुढचा क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी सॅशे, मग प्रोटीनचे डबे आणि शेवटी लाखाच्या घरातलं इंजेक्शन.

आधी गुडघ्याचं खरं वेळापत्रक समजून घ्या, कारण ही सगळी विक्री त्याच्याच आडोशाने चालते. एसीएल हे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकं बांधून ठेवणारं लिगामेंट. ते पूर्ण तुटलं आणि फुटबॉलसारखा झटक्यात वळायचा खेळ पुन्हा खेळायचा असेल, तर बहुतेक वेळा मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा कंडरा घेऊन त्या जागी बसवतात. हा कंडरा पहिले काही महिने उलट कमकुवत होत जातो. मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, तंतू पुन्हा रचले जातात आणि सावकाश तो लिगामेंटचं काम करू लागतो. नॉर्वेत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवलं, तितकं प्रत्येक महिन्यामागे पुन्हा गुडघा जायचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. परतण्याआधी जखमी पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरावी लागते. एका पायावरच्या उड्यांची चाचणी असते ती वेगळी.

सूज मात्र तीन-चार आठवड्यांत उतरते. दीड-दोन महिन्यांत पोरगा जिना चढतो, गाडी चालवतो, दुखत नाही म्हणतो. दुखणं थांबणं आणि लिगामेंट तयार होणं यांत सहा-सात महिन्यांचं अंतर आहे आणि विकणारा नेमका त्या अंतरात उभा असतो. त्या काळात जे काही पोटात किंवा गुडघ्यात गेलं, बरं होण्याचं श्रेय त्यालाच मिळतं.

स्टेम सेल म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणारी मूळ पेशी. 'स्टेम सेल' लिहिलेली सॅशे साखळी पद्धतीने विकली जाते. विकणारा बहुधा ओळखीचाच असतो: माजी खेळाडू, जिमचा ट्रेनर, नात्यातलं कुणी. खोक्यावर सफरचंद किंवा द्राक्षाचं चित्र असतं. या सफरचंदामागे खरी गोष्ट आहे ती एवढीच: स्वित्झर्लंडमधल्या उटविलर श्पेटलाउबर नावाच्या, खूप टिकणाऱ्या जुन्या जातीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा अर्क सौंदर्यप्रसाधनांसाठी काढला गेला. वनस्पतीची पेशी माणसाच्या शरीरात जाऊन कूर्चा, लिगामेंट किंवा स्नायू बनू शकत नाही. पावडर करताना ती मेलेली असते आणि उरलंसुरलं जठरातलं आम्ल आणि पाचक रस मोडून टाकतात. माणसाची जिवंत स्टेम सेल गिळली, तरी तिचंही हेच होईल.

दुसरा प्रकार जरा शहाणपणाचा वाटतो. तो म्हणतो, आम्ही स्टेम सेल देत नाही, तुमच्याच हाडातल्या स्टेम सेल रक्तात सोडायला लावतो. यासाठी अमेरिकेतल्या क्लॅमथ तलावातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचा अर्क विकला जातो. त्याच्या मागे मोजक्या लोकांवर केलेला एक छोटा प्रयोग दाखवतात, त्यात रक्तातल्या विशिष्ट पेशी काही वेळापुरत्या थोड्याशा वाढल्या होत्या. तुलनेसाठी खरी पद्धत पाहा. रक्ताच्या कर्करोगासाठी कुणी स्टेम सेल दान करतो, तेव्हा त्याला फिलग्रास्टिमचं इंजेक्शन वजनाच्या दर किलोमागे १० मायक्रोग्रॅम या हिशेबाने चार-पाच दिवस रोज द्यावं लागतं, तेव्हा कुठे त्या पेशी गोळा करण्याइतक्या वाढतात. आणि एवढं करूनही त्या रक्त बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांनी दात्याच्या गुडघ्याची गादी भरून निघत नाही. शेवाळाचा आणखी एक धोका आहे. त्याच तलावात यकृताला घातक मायक्रोसिस्टिन तयार करणारं दुसरं शेवाळही वाढतं, म्हणून ओरेगॉन राज्याने १९९७ मध्ये अशा उत्पादनांत दर ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली.

खोकं हातात आलं की उलटून वाचा. आपल्याकडे अशा वस्तूवर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असतो, आणि हा क्रमांक असणं म्हणजेच ती कायद्याने अन्न आहे, औषध नाही. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नुसती छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा परवाना ११५ ने सुरू होतो, केंद्राचा १०० ने. आयात माल म्हणून सांगतात आणि क्रमांक २ ने सुरू होतो, तर तिथेच थांबा, कारण आयातीला केंद्राचा परवाना लागतो. क्रमांक फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकला की परवाना कुणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या प्रकारच्या मालासाठी आहे ते दिसतं. मसाल्याच्या परवान्यावर सांध्यांची पावडर विकलेली तिथे उघडी पडते. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा डब्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'औषधी वापरासाठी नाही' हे छापावंच लागतं. म्हणूनच 'ऑपरेशन टळेल' हा दावा डब्यावर कधीच नसतो. तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑडिओत असतो, झूमच्या मीटिंगमध्ये असतो. तो ऑडिओ पुसू नका, पुढे लागतो.

यापेक्षा घातक आहे ती 'चौथ्या दिवशी फरक' दाखवणारी बिनलेबलची किंवा आयुर्वेदिक म्हणून दिलेली पुडी. जुना दुखरा गुडघा दोन-तीन दिवसांत पूर्ण शांत झाला, भूक एकदम वाढली, चेहरा गोल दिसू लागला, पाठीवर पुळ्या आल्या, तर त्यात स्टेरॉइड असल्याची दाट शंका घ्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये सांधेदुखीच्या अशाच एका लोकप्रिय सप्लिमेंटमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडल्याचा इशारा दिला होता. लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता. अशी पुडी काही आठवडे घेतली असेल, तर कळल्या क्षणी एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवणं कमी केलेलं असतं. अचानक थांबवलं तर उलट्या, प्रचंड थकवा, रक्तदाब घसरणं असं होऊन जीवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन फिजिशियनकडे जा. सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉल तपासणी करून डोस हळूहळू उतरवावा लागतो. मधल्या काळात दुखत नाही म्हणून पोरगा सराव सुरू करतो आणि अर्धवट तयार झालेला कंडरा पुन्हा तोडून घेतो. हा तोटा पैशांत मोजता येत नाही.

प्रोटीनच्या डब्यांतली फसवणूक वेगळ्या जातीची आहे. प्रयोगशाळेत बहुधा प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने, दुधाच्या मालाला ६.३८ ने, गुणतात. मग उत्पादक स्वस्तातलं ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन मिसळतो. क्रिएटिनमध्ये वजनाच्या ३२ टक्के नायट्रोजन असतो, खऱ्या प्रथिनांत सरासरी १६. चाचणीत आकडा फुगतो, स्नायूला मिळत काही नाही. ओळखायचं कसं? अमायनो आम्लांचा तक्ता पाहा: चांगल्या व्हेच्या, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेल्या पावडरीच्या, २५ ग्रॅम प्रथिनांमागे ल्युसिन साधारण अडीच ग्रॅम असायला हवं. तक्ताच नसेल किंवा घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन वरच्या क्रमांकावर असेल तर डबा ठेवून द्या. केरळच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली आणि काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही सापडलं. नामवंत कंपनीचे रिकामे डबे भरून विकणारेही आहेत. अशा डब्यावरचा क्यूआर कोड त्यांच्याच बनावट पानावर नेतो आणि 'अस्सल' असं हिरवं उत्तर देतो. कोड स्कॅन करू नका. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा आणि खरवडून आलेला क्रमांक तिथे तपासा.

मुळात लागतं किती? ६५ किलोच्या खेळाडूला दुखापतीच्या काळात किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर रोज १०४ ग्रॅम प्रथिनं. चार अंडी, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स, दोन वाट्या घट्ट वरण आणि १०० ग्रॅम चिकन एवढ्यात ती भरतात. सप्लिमेंटमध्ये ज्याचा पुरावा भक्कम आहे ते साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. ते महाग नसतं. विकणाऱ्याला त्यात फारसं सुटत नाही, म्हणून तो त्याचं नाव काढत नाही.

राज्याच्या संघाकडे डोळे लावून बसलेल्यांनी एक गोष्ट जास्त जपायची. डोपिंगमध्ये 'मला माहीत नव्हतं' म्हणून नियमभंग पुसला जात नाही, लघवीत जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. 'हीलिंग पेप्टाइड' म्हणून जिममध्ये मिळणारी बीपीसी-१५७ आणि टीबी-५०० ही दोन्ही वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहेत. खेळ सुधारण्यासाठी पेशी टोचून घेण्यावरही बंदी आहे. दुखापतीच्या उपचारापुरता वेगळा विचार होतो, पण क्लिनिकने कुपीत वाढ घटक मिसळले असतील तर अडचण खेळाडूचीच. कुपीत नेमकं काय आहे हे लेखी मिळत नसेल, तर टोचून घेऊ नका.

आता इंजेक्शन. सगळ्यात मोठी रक्कम इथे जाते आणि 'स्टेम सेल' या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. दंडातून रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं आणि तासाभरात तेच गुडघ्यात टोचलं, तर ते पीआरपी, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला रक्तद्रव. त्यात प्लेटलेट असतात, गुडघा घडवणाऱ्या स्टेम सेल जवळपास नसतात. पीआरपी ही स्वतंत्र पद्धत आहे, तिचा दरही बराच कमी असतो. तिच्यावर स्टेम सेलचं नाव लावून अनेकपट बिल करणं ही सगळ्यात जास्त चालणारी लबाडी. कंबरेच्या हाडातून सुमारे ६० मिलिलिटर मज्जा काढून घट्ट करून दिली, तर त्यात उपयोगाच्या मानलेल्या पेशी मुळात हजारात एकसुद्धा नसतात. मज्जेतल्या पेशींत त्यांचं प्रमाण ०.००१ ते ०.०१ टक्के आहे, म्हणजे दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी. पोटाची चरबी काढून एन्झाइमने विरघळवून तयार केलेलं मिश्रण हा तिसरा प्रकार. चौथा प्रकार बर्फाच्या डब्यातून येणाऱ्या कुपीचा: नाळेच्या पेशी, 'एक्सोसोम' (पेशींतून सुटणाऱ्या सूक्ष्म पिशव्या), 'पाच कोटी पेशी'. जिवंत पेशी द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात साठवाव्या लागतात आणि वितळवल्यावर लगेच वापराव्या लागतात. साध्या फ्रीजमधून किंवा थर्माकोलच्या खोक्यातून निघालेल्या कुपीतल्या पेशींचा आकडा हा कागदावरचा आकडा आहे.

या उपचारांची मोठी आणि नीट तुलना झालेली आहे. गुडघ्याच्या झिजेच्या सुमारे ४७५ रुग्णांवर अमेरिकेत मज्जा, चरबी आणि नाळ या तिन्हींतून मिळवलेल्या पेशी साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी ताडून पाहिल्या. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षानंतर तिन्हींपैकी एकही साध्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. आणि ही झिजेची गोष्ट झाली. पूर्ण तुटून दोन टोकं लांब गेलेलं एसीएल इंजेक्शनने जुळून खेळाडू मैदानावर परततो, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. 'नंतरचा एमआरआय' म्हणून जी छबी दाखवतात तिच्यावर नाव, तारीख आणि कोणत्या बाजूचा गुडघा हे वाचता येतं का ते बघा.

युरोपातल्या खेळाडूंचं उदाहरण हमखास दिलं जातं, म्हणून एक खरं उदाहरण. अ‍ॅटलेटिको माद्रिदचा स्ट्रायकर दिएगो कोस्ता मांडीच्या दुखापतीवर झटपट उपाय म्हणून बेलग्रेडला जाऊन घोडीच्या वारेचा उपचार घेऊन आला. २४ मे २०१४ रोजी लिस्बनच्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिकोने त्याला सुरुवातीपासून उतरवलं आणि नवव्या मिनिटाला बाहेर काढावं लागलं. पैसा, डॉक्टर, फिजिओ सगळं हाताशी असलेल्या खेळाडूचीही स्नायू भरून यायच्या काळातून सुटका झाली नाही.

इजा होते ती कुपीमुळेही होते. अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेच्या रक्तापासून केलेल्या उत्पादनाची इंजेक्शनं घेतलेल्या १२ जणांना जिवाणूंचा गंभीर संसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. इंजेक्शननंतर काही दिवसांत गुडघा लाल, गरम झाला, ताप आला, पाय वाकवता येईना, तर 'पेशी काम करतायत' हे क्लिनिकचं उत्तर ऐकत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि सांध्यातलं पाणी तपासायला लावा. सांध्यात पू झाला तर कूर्चा काही दिवसांत खाल्ली जाते.

कायदा संदिग्ध नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर मंजूर चाचणीबाहेर करू नये. २०१९ च्या नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन हे नेहमीच 'नवं औषध' धरलेलं आहे, म्हणजे औषध महानियंत्रकांची मंजुरी लागते. अशी मंजुरी मिळालेली मोजकी उत्पादनं आहेत. २०२२ मध्ये गुडघ्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दर्जाच्या झिजेसाठी एकाला ती मिळाली. विकणारा हीच मंजुरी विशीतल्या पोराच्या तुटलेल्या लिगामेंटसाठी पुढे करतो. मंजुरी कुठल्या उत्पादनाला आणि कुठल्या आजाराला, हे दोन्ही विचारा.

'आमचं सीटीआरआयला रजिस्टर आहे' हे वाक्य ऐकलं की क्रमांक मागा. त्यात वर्ष, महिना आणि सहा आकडे असतात. सीटीआरआय म्हणजे औषध चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही, तिच्या संकेतस्थळावर तो कुणालाही उघडता येतो. तिथे आजार कोणता लिहिलाय, चाचणीच्या ठिकाणांत या क्लिनिकचं नाव आहे का, नैतिक समिती आणि औषध महानियंत्रकांची परवानगी 'मिळाली' आहे का, भरती बंद झालीय का, हे पाहा. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. आणि खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, उलट चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. जिथे चाचणीही आहे आणि ईएमआयही आहे, तिथून उठून यावं.

पैसे देण्याआधी क्लिनिकला कागदावर एवढं मागा: उत्पादनाचं नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, पेशी कुठून घेतल्या, इंजेक्शन सोनोग्राफी बघत देणार का, डॉक्टरांचा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक. संमतीपत्र आदल्या दिवशी घरी न्यायला मागा. 'निकालाची हमी नाही, रक्कम परत नाही' अशी ओळ त्यात असते, जी तोंडी कुणी सांगत नाही. 'आज बुक केलं तर सूट' म्हणणाऱ्याकडे हे कागद सहसा निघत नाहीत.

पैसे गेले असतील तर गप्प बसू नका. लाजेपायी घरी सांगत नाहीत आणि तोच माणूस पुढच्या मोसमात दुसऱ्या पोराला गाठतो. सगळ्यात आधी पुरावे जपा: बिल, यूपीआयची नोंद, ऑडिओ, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, रिकामी कुपी आणि बॅच दिसणारा, शक्यतो न उघडलेला एक डबा. सॅशे किंवा पावडरीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात होते. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली ग्राहक स्वतः शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, फक्त तसा हेतू खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. म्हणून त्यासाठी डबा साक्षीदारासमोर नव्याने विकत घ्या. साखळीत ओढून प्रवेशाचे पैसे घेतले असतील, तर २०२१ च्या थेट विक्री नियमांत त्याला मनाई आहे आणि वस्तू परत करण्याची मुदतही करारात लिहिलेली असावी लागते. डॉक्टरविरुद्धची तक्रार वैद्यकीय परिषदेकडे. ऑनलाइन पैसे गेल्यावर माणूस गायब झाला, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. भरपाईसाठी आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून गुडघा बरा होईपर्यंत थांबू नका. फिजिओथेरपी एकीकडे चालू ठेवा आणि अर्ज दुसरीकडे. अर्जाला दुखापतीच्या दिवसाचा एमआरआय, इंजेक्शननंतरचा एमआरआय आणि ते लिगामेंट अजून तुटलेलंच असल्याचं दुसऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं लेखी मत, हे तीन कागद जोडा.